नऊ वर्षांच्या मुलाला रोज चार तास सराव: करू द्यावा का?

मांजलपूरकर
माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. क्रिकेटचं प्रचंड वेड, डावखुरा, आणि जोरात बॉल टाकायची हौस. सध्या आठवड्यातून तीन संध्याकाळी नेटला जातो, दोन दिवस आपल्या बडोद्यातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांबाला, आणि उन्हाळ्यात पोहायला. परवा त्याच्या कोचनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "बेन, छोकरामां दम छे." आणि नवं वेळापत्रक हातात दिलं. सकाळी साडेपाच ते सात फिटनेस, संध्याकाळी साडेचार ते सात नेट, सोमवार ते शनिवार. रविवारी मॅच. मल्लखांब आणि पोहणं बंद, कारण "ध्यान एकाच गोष्टीवर पाहिजे."

मुलगा आनंदाने उड्या मारतोय, तेव्हा आपण मुलाला ढकलतोय का, हा माझा प्रश्नच नाही. नवऱ्याला वाटतं संधी आली आहे, घ्यावी. सासूबाई म्हणतात पोर वाळून जाईल. माझं मत सांगून टाकते: नवव्या वर्षी चार तास फार होतात. पण कोचसमोर "मला असं वाटतं" एवढ्यावर भागत नाही, कारणं द्यावी लागतात. ज्यांनी स्वतः केलं आहे किंवा ज्यांची मुलं करताहेत त्यांनी लिहा. काय मिळतं, काय जातं?

रावपुरेकर
ताई, कोच आपणहून बोलावतो तेव्हा नाही म्हणू नका. शंभर पोरांत एखाद्यालाच असं बोलावणं येतं.

इरफान आणि युसूफ पठाण आपल्या मांडवीतले. वडील मशिदीत मुअज्जिन, म्हणजे अजान देणारे, घरात पैसा नाही, खेळायला मशिदीचंच आवार. इरफान १९व्या वर्षी अ‍ॅडलेडला कसोटी खेळला. १९व्या वर्षी तिथे पोचायचं असेल तर नवव्या वर्षी सुरुवात झालेलीच हवी. हार्दिक आणि कृणाल पंड्यासाठी तर वडील सुरत सोडून बडोद्याला आले, किरण मोरेंच्या अकादमीत पोरांना घातलं. तेव्हा हार्दिक शाळेत नुकता जायला लागला होता. त्या बापाने तेव्हा धागा काढून लोकांना विचारलं असतं तर आज काय झालं असतं? हात लहानपणीच बसतो. बाराव्या वर्षी आलेल्या पोराची अ‍ॅक्शन सुधारता सुधारता कोचचे केस पिकतात.

अलकापुरीवाला
आमचे चिरंजीव सोफ्यावरून उठत नाहीत, तुमचे मैदानावरून येत नाहीत. ताई, एक महिना अदलाबदल करू या का? दोन्ही घरी शांतता नांदेल.

हाडांचा_डॉक्टर
रोज अशी मुलं तपासतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलांची हाडं वाढतात ती टोकांजवळच्या कुर्चेच्या पट्टीतून. तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. ही पट्टी कच्ची असते. मोठ्या माणसाचा जिथे लिगामेंट ताणला जातो तिथे मुलाची ही पट्टी दुखावते. त्यातून उंची झपाट्याने वाढायला लागली की हाड आधी लांबतं, स्नायू मागून येतो, आणि स्नायू जिथे हाडाला चिकटलेला असतो तिथे सतत ओढ बसते. टाचेला होतं त्याला सीव्हर्स म्हणतात, गुडघ्याच्या खाली टेंगूळ येतं त्याला ऑसगुड-श्लाटर. दोन्ही बरे होतात, पण "थोडं दुखतंय, खेळून घे" म्हणून ओढत नेलं तर महिनोन् महिने जातात.

वेगवान गोलंदाजांची गोष्ट निराळी आणि जास्त गंभीर. बॉल सोडताना कंबर एकाच वेळी मागे वाकते, बाजूला झुकते आणि पीळ घेते, त्यात पुढच्या पायावर शरीराचा सगळा भार आदळतो. हे शेकडो वेळा झालं की कमरेच्या खालच्या मणक्याला बारीक तडा जातो. बहुतेक वेळा बॉल टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला. सुरुवातीच्या एक्स-रेत तो दिसतही नाही, एमआरआयमध्ये दिसतो. म्हणूनच इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने कोवळ्या वेगवान गोलंदाजांनी एका स्पेलमध्ये, म्हणजे सलग एका दमात, आणि दिवसभरात किती षटकं टाकावीत हे वयानुसार बांधून दिलं आहे.

कोचना सांगायला तीन गोष्टी देतो. एक, अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६मध्ये सांगितलं आहे की बहुतेक खेळांत एकाच खेळाला वाहून घेणं १५–१६ वर्षांपर्यंत लांबवावं, आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी असावी, आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या तुकड्यांत का होईना, त्या खेळापासून विश्रांती असावी. दोन, आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त गेले की अतिवापराच्या गंभीर दुखापती वाढतात, असं तिथल्याच पाहणीत आढळलं. तुमच्या वेळापत्रकात रोजचे चार तास म्हणजे सहा दिवसांचे २४, मॅच वेगळी. मुलगा नऊ वर्षांचा. तीन, मैदान मुळीच सोडू नका. वयात येण्याआधीच्या उड्या, धावणं, लटकणं यांनी हाडं जी भरतात ती आयुष्यभर पुरतात.

रावपुरेकर
डॉक्टरसाहेब, अमेरिकेत क्रिकेट कोण खेळतं? आपल्याकडे तीन महिने घरी बसलेल्या पोराची जागा चौथ्या दिवशी दुसऱ्याला जाते.

लेगस्पिन_भक्त
@रावपुरेकर, काका, हार्दिकचं उदाहरण नीट बघा. तो १८ वर्षांचा होईपर्यंत लेगस्पिन टाकत होता. बडोद्याचे तेव्हाचे कोच सनथ कुमार यांनी सांगितल्यावर वेगवान गोलंदाजीकडे वळला. नवव्या वर्षी कोणी "हा लेगस्पिनरच" म्हणून शिक्का मारला असता तर? आणि नीरज चोप्राने भाला हातात घेतला तेव्हा तो तेराच्या आसपास होता. आपल्या बीडच्या अविनाश साबळेने तर फौजेत भरती झाल्यावर स्पर्धेसाठी धावायला सुरुवात केली आणि आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीचं, सुवर्ण आणलं.

दोरीचा_मल्लखांब
ताई, मल्लखांब बंद करायला सांगितलं हे वाचून वाईट वाटलं. माझी सगळी वाढ आखाड्यातली.

जुम्मादादांचा आखाडा १८८०चा. पुढे प्रो. माणिकरावांनी तो नावारूपाला आणला, सयाजीराव महाराजांनी त्यांना राजरत्न ही पदवी दिली. तिथे पोराला एकाच गोष्टीत घालायची पद्धत नव्हती. दंड, बैठका, जोर, लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती, सगळ्यातून पोर फिरायचं. कशात रमतं ते वस्ताद दोन-तीन वर्षं नुसते बघत बसायचे. आणि माणिकराव स्वतः हाडं बसवण्यात निष्णात. व्यायाम शिकवणाऱ्यालाच दुखणं कळत होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मल्लखांबावर काय होतं ते क्रिकेटच्या कोचनी एकदा येऊन पाहावं. खांबाला एरंडेल चोळलेलं असतं, हात निसटतो. पोर सलामी देऊन अढी घालतं, म्हणजे पायांनी खांबाला विळखा घालतं, तेव्हा मांड्या, पोट, पाठ सगळं एकदम आवळतं. अढी पक्की झाल्याशिवाय तेढी नाही, तेढीशिवाय बगली नाही. हे सगळे मल्लखांबाचे प्रकार. त्यातल्याच दसरंगात शरीर उलटं फिरतं तेव्हा खाली डोकं असतानाही आपण कुठे आहोत हे कळायला लागतं. ही जाण नेटमध्ये कितीही बॉल टाकून येत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली कंबर सांभाळायला पोटाचे आणि पाठीचे जे स्नायू लागतात, ते इथे आपसूक तयार होतात. गोलंदाजासाठी याहून चांगला फिटनेस कुठला?

हाडांचा_डॉक्टर
@दोरीचा_मल्लखांब, शंभर टक्के सहमत. त्यातच भर: अंगमेहनतीने किंवा वजनाने उंची खुंटते हा समज चुकीचा आहे. देखरेखीखाली, अंगाला झेपेल एवढी ताकद मुलांनी जरूर कमवावी.

निळी_लेन
दुसरी बाजू मांडते. माझी मुलगी पोहते, आता सातवीत आहे. सकाळी पाण्यात, संध्याकाळी पुन्हा पाण्यात. लोक मला "किती छळता मुलीला" असं तोंडावर म्हणाले आहेत. मी त्यांना एवढंच सांगते की तिच्या वर्गातल्या मुली मोबाइलवरून रडतात तेव्हा ती स्वतःचं दप्तर, टॉवेल, टोपी, डबा रात्री भरून ठेवते. हरल्यावर घड्याळात बघून सांगते, "आई, मागच्या वेळेपेक्षा सुधारलं." आपला हिशेब आपल्याशीच लावायला ती पोहण्यातून शिकली. हे बाळकडू कुठल्या क्लासमध्ये मिळतं?

पण आमच्या घरात काही गोष्टींवर तडजोड नाही. झोप पहिली. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. आता मांजलपूरकर, तुमच्या वेळापत्रकाचा हिशेब मांडते. साडेपाचला मैदानावर म्हणजे पावणेपाचला उठणं. नऊ तास धरले तरी पावणेआठला झोपायला हवं. संध्याकाळी सातला सुटून मांजलपूरला पोचेपर्यंत साडेसात. आंघोळ, जेवण, गृहपाठ पंधरा मिनिटांत? नवऱ्याला हा कागद दाखवा, माझ्या नवऱ्याला असाच दाखवला होता.

दुसरं, मुलींच्या आयांसाठी. सराव वाढला आणि खाणं तेवढंच राहिलं तर पाळी लांबते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होतात. "खेळाडू मुलींचं असंच असतं" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. लगेच डॉक्टरांकडे जा.

अलकापुरीवाला
@निळी_लेन, पहाटेच्या सरावानंतर काय खायला देता? आमच्या गल्लीतली सगळी खेळाडू मंडळी सरावानंतर सेव-उसळच्या गाडीवर दिसतात. तीसुद्धा शिस्तीने रांगेत.

निळी_लेन
उसळ चांगलीच की, तर्री आणि सेव बेताने घ्या! आम्ही केळं, दूध, आणि घरी आल्यावर थेपले नाहीतर पोळीभाजी. पावडरी अजिबात नाहीत.

इंदूरकर
उसळीचं ठीक आहे, पण आमचे पोहे-जिलेबी खाल्ल्याशिवाय धागा पुरा होत नाही. बडोदेकर क्रिकेटचा विषय काढतात तेव्हा आम्हा होळकरवाल्यांना १९४६–४७ची रणजी फायनल आठवते. बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी आमच्याविरुद्ध चौथ्या विकेटसाठी ५७७ची भागी केली. होळकर संघात आमचे सी. के. नायडू होते, तरी डाव आणि ४०९ धावांनी हरलो. नायडूंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. लहानपणीच सगळं पिळून काढलं तर पन्नाशीपर्यंत उरणार काय, एवढाच माझा मुद्दा.

रावपुरेकर
इंदूरकर, ५७७ची आठवण काढलीत, मन भरून आलं. या एका प्रतिसादासाठी तुम्हाला जगदीशची भाकरवडी लागू.

फ्लोअर_एक्सरसाइज
सगळे एकाच मापाने मोजू नका. जिम्नॅस्टिक्समध्ये १५व्या वर्षापर्यंत थांबून चालत नाही, लवचीकपणा आणि उलट्या उड्यांचं धाडस लहानपणीच येतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या सल्ल्यातही हे खेळ वेगळे धरतात. पण याच खेळाने धडाही घेतला. नादिया कोमानेची १९७६ला माँट्रियलला १४ वर्षांची होती. नंतर कोवळ्या मुलींचे इतके हाल झाले की १९९७पासून मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी मुलींचं किमान वय १६ करावं लागलं. शिकायला लवकर या, पण पदकासाठी घाई नको, असं आम्ही पालकांना सांगतो.

माजी_अंडर_१६
बराच वेळ नुसता वाचत होतो. आता लिहितो, कारण मी तो मुलगा आहे.

दहाव्या वर्षापासून वेगवान गोलंदाजी, दोन वेळ सराव. शाळेची टीम, क्लबची टीम, जिल्ह्याची टीम, आणि तीन ठिकाणचे तीन कोच. प्रत्येक जण म्हणायचा "आज फक्त सहा ओव्हर". तिघांच्या मिळून किती होतात हे कोणी मोजत नव्हतं. पंधराव्या वर्षी पाठ दुखायला लागली. बॉल टाकताना मागे वाकलो की कमरेत एका बाजूला, अंगठ्याएवढ्या जागेत, सुरी घातल्यासारखं व्हायचं. कोच म्हणाले, मसल आहे, शेक घे. मी शेक घेऊन निवडचाचणी खेळलो. नंतर एमआरआयमध्ये मणक्याला तडा निघाला. सहा महिने पट्टा. परत आलो तेव्हा वेग गेला होता आणि माझ्या जागी दुसरा होता. त्या कोचचं नाव घेणार नाही, ते वाईट माणूस नव्हते. त्यांना सामने जिंकून द्यायचे होते आणि मी जिंकून देत होतो.

तरी क्रिकेटने मला जे दिलं ते मी कोणाला नाकारू देणार नाही. आज माझे सगळे जवळचे मित्र त्या नेटमधले आहेत. उन्हात सलग उभं राहायची, दबावात डोकं शांत ठेवायची सवय नोकरीत रोज उपयोगी पडते. माझा राग सरावावर नाहीच. कोणी बॉल मोजले नाहीत, याच्यावर आहे. मांजलपूरकर, तुम्ही मोजा. शाळेतले, क्लबातले, सोसायटीत टेनिस बॉलने टाकलेले, सगळे. आणि मुलगा एका बोटाने जागा दाखवून "इथे दुखतं" म्हणाला तर त्या दिवशी बॉल काढून घ्या.

हाडांचा_डॉक्टर
+१. एका बोटाने दाखवता येणारं दुखणं, लंगडणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. या तिन्हींत थांबायचं म्हणजे थांबायचं.

वारसिया_रिंगरोड
सगळं पटतं, पण एक सांगू? हा धागा ज्यांच्याकडे निवड आहे त्यांचा आहे. मी रिक्षा चालवतो. माझी पोरगी कबड्डी खेळते. तिची सरकारी स्पोर्ट्स स्कूलमध्ये निवड झाली, राहणं, खाणं, शिक्षण, सराव सगळं मोफत. तिथे रोज सकाळ-संध्याकाळ सराव असतोच. मी "तास जास्त होतात" म्हणून परत आणू का? खेळाच्या जोरावर रेल्वेत, पोलिसात नोकरी लागते. आमच्यासाठी हाच रस्ता आहे. तिथे एक फिजिओ मिळावा, दूध-अंडी वेळेवर मिळावीत, एवढंच मागणं आहे. तुम्ही शिकलेली माणसं आहात, ते कसं मागायचं ते सांगा.

शाळेची_शिट्टी
@वारसिया_रिंगरोड, दादा, तुमचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी शाळेत खेळ शिकवते. पाच-सात पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना लेखी द्या: मुलींची दर तिमाहीला उंची-वजनाची नोंद, महिन्यातून एकदा फिजिओ, आठवड्यात एक पूर्ण सुट्टीचा दिवस. तोंडी मागितलेलं विरून जातं, लेखी अर्जाला उत्तर द्यावं लागतं. मसुदा मी करून देते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आता मूळ प्रश्नाकडे. लहान गटांत चमकणारी मुलं पुष्कळदा वर्गात वयाने मोठी असतात. गटाची तारीख ओलांडून लगेच जन्मलेला मुलगा दहा-अकरा महिने मोठा, म्हणून उंच, म्हणून निवडला जातो, म्हणून त्याला जास्त सराव मिळतो. कोचला दिसतो तो दम कित्येकदा वयाचाच असतो. अंडर-१६ला बीसीसीआय हाडांवरून वय तपासते, त्यामागेही वयाचा हाच फायदा आहे. आणि २०२१मध्ये आर्ने ग्युलिख आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांवर खेळाडूंच्या अभ्यासांची एकत्र छाननी केली. जागतिक दर्जाला पोचलेल्यांनी लहानपणी जास्त खेळ खेळले होते, मुख्य खेळ उशिरा धरला होता आणि सुरुवातीला त्यांची प्रगती हळू होती. ज्युनिअर गटात चमकणाऱ्यांचं बरोबर उलट. नॉर्वेत तर १३ वर्षांखालच्यांसाठी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच नसतात, आणि २०१८च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सर्वाधिक, ३९ पदकं त्यांचीच.

ताई, कोचना भेटाल तेव्हा भांडू नका. विचारा: आठवड्याला किती बॉल टाकायला लावणार? सुट्टीचा दिवस कुठला? मे महिन्यात चाळिशीपार उन्हात वेळ बदलणार का? मागच्या पाच वर्षांतली तुमची नऊ वर्षांची मुलं आज कुठे आहेत? चांगला कोच या प्रश्नांनी खूश होतो.

मांजलपूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल नवरा आणि मी दोघं कोचना भेटलो. निळी_लेन यांचा झोपेचा हिशेब आणि डॉक्टरांची वर्षं-तासांची गोष्ट कागदावर लिहूनच नेली होती. सुरुवातीला कपाळाला आठ्या पडल्या. मग शाळेची_शिट्टी यांचा शेवटचा प्रश्न विचारला तेव्हा ते जरा वेळ बोललेच नाहीत. नंतर म्हणाले, दिवाळीपर्यंत चार संध्याकाळी दीड-दीड तास, सकाळचं बंद. मल्लखांब चालू राहील, "पण त्याचा रिपोर्ट मला द्या." रविवारच्या मॅचला चार ओव्हरच्या वर नाही. दिवाळीनंतर पुन्हा बोलू. मुलगा दोन दिवस फुगून बसला होता, सकाळचा गट सुटला म्हणून. त्याचं ते दुःख खरं आहे, ते मी हसण्यावारी नेलेलं नाही. बॉल मोजायची वही त्याच्याच हातात दिली आहे.

रावपुरेकर
ताई, माझं मत बदललेलं नाही, चार दिवस कमीच आहेत. तरी कोच बोलून मान्य करतो म्हणजे माणूस चांगला आहे, त्याला सोडू नका.

डॉक्टरसाहेब, जाता जाता विचारतो. नातू अकरा वर्षांचा, फुटबॉल. सकाळी उठला की चवड्यावर चालतो, टाच टेकवत नाही. दिवसा ठीक असतो. हे तुम्ही वर लिहिलंय तेच का?

हाडांचा_डॉक्टर
काका, असू शकतं. टाच मागून दोन्ही बाजूंनी हाताच्या तळव्यात धरून हलकेच दाबा. दचकून पाय ओढला तर बहुधा तेच. दोन-तीन आठवडे धावणं-उड्या बंद, बुटात टाचेखाली मऊ गादी, पोटरीचे ताण सकाळ-संध्याकाळ, दुखेल तेव्हा बर्फ. पोहायला हरकत नाही. टाच सुजली, लाल झाली किंवा ताप आला तर वाट न बघता दाखवायला आणा.